सिस्टरला पदवी कशाला?

ऑपरेशनचा दुसरा दिवस. रक्तदाब ठीक आहे, रुग्ण बोलतोय, नातेवाईक निर्धास्त. श्वास मात्र मिनिटाला १६ वरून २६ वर गेलेत. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला की पेशींना प्राणवायू पुरत नाही आणि रक्तातलं आम्ल वाढतं. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ते कमी करायला फुप्फुसं वेग घेतात. हृदयही जोरात धावून काही काळ रक्तदाब सावरून धरतं. तो कोसळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

राउंड संपवून डॉक्टर गेलेले असतात, तेव्हा हा बदल दिसायचा तो सिस्टरलाच. त्यासाठी पूर्ण मिनिटभर रुग्णाच्या छातीकडे बघत श्वास मोजावे लागतात. गर्दीच्या वॉर्डात सगळ्यांच्या तक्त्यावर न मोजताच सरसकट २० लिहिलं जातं, हेही खरं. पण मोजले, तरी त्यांचा अर्थ कळायला शरीरशास्त्र पक्कं लागतं.

२०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास मांडला. ४ लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तिथे ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी असते. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. चांगली रुग्णालयं पदवीधरांना जास्त घेत असतीलही. एका सिस्टरकडे एक रुग्ण वाढला की ही शक्यता तेवढीच वाढत होती, हेही त्याच अभ्यासातलं. नुसत्या पदवीने भागत नाही ते असं.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार आपल्याकडे सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे बीएस्सी नर्सिंग सुरू झालं. तोवर शिक्षण म्हणजे रुग्णालयाची स्वतःची शाळा, आणि विद्यार्थिनी म्हणजे स्वस्तात मिळालेले हात. दिल्लीत १९५९ मध्ये एमएस्सी आलं. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ चं.

त्यानंतर कितीतरी वर्षं वाढ गोगलगायीच्या गतीने झाली. खरी लाट अलीकडची, आणि तीही बहुतांशी खासगी, दक्षिणेकडे जास्त. आखात आणि ब्रिटनमधल्या नोकऱ्यांचा तिला मोठा रेटा होता. २०२३ च्या अर्थसंकल्पात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं जाहीर झाली, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदाही झाला.

इमारत उभी राहते. सरावाला पुरेसे रुग्ण आणि वॉर्डात सोबत उभी राहणारी ट्यूटर मिळवणं अवघड. आणि चार वर्षं शिकून आलेली मुलगी सरकारी भरतीला उभी राहते, तेव्हा तिच्या शेजारी अनुभव असलेली जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) डिप्लोमावाली असते. पद एकच, पगारही एकच.