ग्विनेटमध्ये नक्की कोणाचं मन बदललं?

अमेरिकेत निवडणूक झाली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाल-निळे नकाशे फिरू लागतात आणि खाली हमखास एक ओळ असते: ‘जॉर्जियाची उपनगरं पालटली.’ अटलांटाच्या उत्तरेला मराठी घरं बरीच, त्यामुळे आपल्याकडे ही बातमी जरा जास्तच चघळली जाते. पण पालटलं म्हणजे काय झालं?

अटलांटाच्या ईशान्येची ग्विनेट काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घ्या. 2012 मध्ये रिपब्लिकन रॉम्नी इथे सुमारे 9 टक्क्यांनी पुढे होते. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन जिंकल्या; डेमोक्रॅटिक पक्षाला हे 1976 च्या जिमी कार्टरनंतर प्रथमच जमलं. 2020 मध्ये बायडन तब्बल 18 टक्क्यांनी पुढे.

टक्के वाचून वाटतं, रिपब्लिकन मतदार फुटले. आता मतं मोजा. रॉम्नींना साधारण 1 लाख 60 हजार, 2020 च्या ट्रम्पना 1 लाख 66 हजार. घटली नाहीत, उलट थोडी वाढली! डेमोक्रॅट मात्र 1 लाख 32 हजारांवरून 2 लाख 42 हजारांवर. आमटीत मीठ तेवढंच, पाणी वाढलं. 1970 मध्ये 72 हजार वस्तीची ही काउंटी 2020 मध्ये साडेनऊ लाखांवर गेली. 1990 मध्ये दहातले नऊ गोरे होते, आता जेमतेम तिसरा हिस्सा.

म्हणजे मन कोणाचंच बदललं नाही? तसंही नाही. ते 1 लाख 66 हजार जुनेच लोक कशावरून? काही फिरले असतील, त्यांच्या जागी दुसरे आले असतील. मतदान गुप्त, जॉर्जियाच्या मतदार नोंदणीत वंश लिहितात, पक्ष नाही. म्हणजे कोणत्या वंशाचे किती हे कळतं, कोणी कोणाला मत दिलं हे नाही.

इथे माझा आवडता हिशेब. एका केंद्रावर 100 मतं, त्यात 80 गोऱ्यांची, 20 इतरांची. डेमोक्रॅटना 30 मिळाली. इतर सगळे 20 त्यांचे धरले, तरी उरलेली 10 गोऱ्यांचीच. इतरांपैकी एकही त्यांचा नाही असं धरलं, तर तीसही गोऱ्यांची. म्हणजे गोऱ्यांतला पाठिंबा 12.5 ते 37.5 टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. यापलीकडे बेरीज-वजाबाकी बोलत नाही; पुढे गृहीतकं लागतात. गटाच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोलण्यातला धोका समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी 1950 मध्येच दाखवला होता: ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले जास्त, तिथे निरक्षरता कमी, पण व्यक्ती पाहिल्या तर परदेशात जन्मलेल्यांतच ती किंचित जास्त. ते साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच.

वाहिन्यांवर कुंडली मांडणाऱ्यांचं सोडा, त्यांना चुकीचा हिशेबही द्यावा लागत नाही. पण ‘हवा फिरली’ म्हणणारे विश्लेषक तरी वेगळं काय करतात?

2024 मध्ये ट्रम्पनी जॉर्जिया सुमारे 1 लाख 15 हजार मतांनी परत घेतलं. त्याच निवडणुकीत अटलांटाच्या दक्षिणेची हेन्री काउंटी, जिथे कृष्णवर्णीय कुटुंबं वर्षानुवर्षं येऊन राहताहेत, डेमोक्रॅटांकडे आणखी सरकली.