इकोत दिसलेली गाठ: मिक्सोमा की रक्ताची गुठळी?

टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर 'एलए मास, मिक्सोमा? थ्रॉम्बस?' असं लिहून आलं की आपल्या सोलापुरात घरोघरी दोनच गोष्टी बोलल्या जातात. कॅन्सर तर नाही ना? आणि नसेल, तर गड्ड्याची जत्रा उरकल्यावर बघू. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारं असतं. दुसऱ्याबद्दल मात्र कळकळीने सांगते, थांबू नका.

एलए म्हणजे हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा. तिथे थ्रॉम्बस, म्हणजे रक्ताची गुठळी, असू शकते, नाहीतर मिक्सोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. हृदयातच उगवणाऱ्या गाठी मुळात विरळ. मोठ्या माणसांत त्यातली जास्त आढळते ती हीच.

गुठळी होते ती रक्त तुंबल्यामुळे. लहानपणी येऊन गेलेल्या संधिवाताच्या तापाने झडप आकसलेली असते, ठोके अनियमित पडतात, कप्पा फुगतो आणि त्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साकळतं. मिक्सोमाला यातलं काही लागत नाही. तो बहुधा दोन वरच्या कप्प्यांमधल्या भिंतीला देठाने लटकतो. इकोच्या स्क्रीनवर दिसतंसुद्धा: हृदय सैल पडलं की गाठ झडपेतून खाली झुकते, आवळलं की वर येते. वाट अडली की दम लागतो, चक्कर येते. कूस बदलल्यावर किंवा उठून बसल्यावर त्रास कमी-जास्त होत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. बारीक ताप, घटतं वजन, वाढलेला ईएसआर (शरीरात दाह असल्याची खूण देणारी रक्ततपासणी) यांमुळे कधीकधी भलत्याच आजाराचा संशय येतो.

तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा दोन्हींत होतो, त्यामुळे लकव्यावरून ओळख पटत नाही. शंका उरली तर अन्ननलिकेतून इको किंवा हृदयाचा एमआरआय करतात.

उपचार मात्र अगदी वेगळे. गुठळीला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. झडप आकसलेली असेल तर वॉरफेरिन, आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) साधारण 2 ते 3 मध्ये राहतोय का ते तपासत राहायचं. मिक्सोमा कुठल्याच गोळीने विरघळत नाही. हृदय-फुफ्फुसांचं काम तेवढा वेळ करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर घेऊन तो देठासकट, भिंतीचा थोडा भाग धरून काढतात, भोक पडलं तर ठिगळ लावून बुजवतात. 1954 मध्ये स्टॉकहोममध्ये सर्जन क्राफूर्ड यांनी तो पहिल्यांदा यशस्वीपणे काढला. आज ही सरावातली शस्त्रक्रिया आहे. गाठ पुन्हा क्वचितच येते, घराण्यात आजार असेल तर जास्त, म्हणून पुढे इको चुकवायचा नाही.

लहान मुलांचं वेगळं. त्यांच्यातला रॅब्डोमायोमा, म्हणजे हृदयाच्या स्नायूतली कॅन्सर नसलेली गाठ, पुष्कळदा आपोआप आकसतो.

खर्चाची धास्ती असेल तर रेशनकार्ड आणि रिपोर्ट घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का विचारा. पेशंट चालता-फिरता आहे म्हणून पुढची तारीख मागू नका.