प्रबुद्ध स्वार्थ

प्रबुद्ध स्वार्थ : दुसऱ्याचे भले करण्यात आपलेही भले आहे, हे ओळखून योग्य ते वागणे. नीतिशास्त्रात ही कल्पना स्वार्थ आणि परमार्थ यांच्यामधल्या बांधावर उभी आहे, त्यामुळे दोन्हीकडचे तिच्याकडे जरा संशयानेच पाहतात.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० मध्ये दिलेले उदाहरणही शेतातलेच आहे. तुझे पीक आज कापणीला आले, माझे उद्या येईल. आज मी तुझ्याकडे राबावे, उद्या तू माझ्याकडे, यात दोघांचा फायदा. पण ह्यूमचे शेजारी एकमेकांचा भरवसा धरत नाहीत. दोघे एकेकटे राबतात आणि दोघांचाही हंगाम हातचा जातो. यावरचा उपाय ह्यूमने दयेत शोधला नाही. माझी तुझ्यावर माया नसली तरी मी मदतीला येईन, कारण तू फेड करशील आणि हा व्यवहार पुढेही चालेल, असा त्याचा हिशेब आहे.

महाराष्ट्रात हाच हिशेब सावड किंवा वारंगुळा या नावांनी चालत आला. कोकणात पावसाने जोर धरला की सगळ्यांची रोपे एकदमच लावणीला येतात. चिखल झाला आहे तोवर रोप लागले पाहिजे आणि घरची माणसे पुरत नाहीत. मग आज एकाच्या खाचरात सगळे वाकतात, उद्या दुसऱ्याच्या. पैसे कोणी मोजत नाही, दिवस मात्र मोजले जातात. आपल्याकडे कोण किती दिवस आले हे बायामाणसांना तोंडपाठ असते, आणि सावड फेडायची आहे म्हटले की घरची इतर कामे मागे पडतात. देशावर ज्यांच्याकडे एकेकच बैल, ते दोघे मिळून जोडी करतात व आळीपाळीने दोघांची शेते नांगरतात. इर्जिकीत हिशेब जरा सैल असतो : शेजारी एका दिवसापुरती आपापली औते घेऊन येतात आणि ज्याचे शेत, तो त्यांना जेवू घालतो. सावडीला कोणी उपकार म्हणत नाही, आणि तिचे बळ बहुधा यातच आहे. मिंधेपणा राहत नाही.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी घेतलेल्या संगणकीय स्पर्धांत ‘जशास तसे’ हा अगदी साधा डाव जिंकला : आधी सहकार्य करायचे, नंतर समोरचा वागेल तसे वागायचे. मात्र पुन्हा गाठ पडणार असेल तरच हा डाव चालतो. गावात गाठ पडतेच. महामार्गावरच्या ढाब्यावर पडेलच असे नाही.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचा आक्षेप हेतूवर आहे. त्याच्या १७८५ च्या ग्रंथातला दुकानदार लहान मुलालाही वाजवी भावानेच माल देतो, पण गिऱ्हाईक टिकावे म्हणून. कांटच्या मते हे कर्तव्याला धरून असले तरी कर्तव्यबुद्धीतून आलेले नाही, म्हणून त्याला नैतिक मोल नाही. मुलाच्या पिशवीत मात्र माल पुरा पडतो, आणि कांट तेवढ्यावरून जरा घाईने पुढे जातो. हेतू निवडणेही वाटते तितके सोपे नाही. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला पैसे दिले, तेव्हा त्याच्या हालांनी आपल्याला होणारा त्रास कमी व्हावा म्हणून दिले, असे कारण सांगितल्याची आठवण त्याचा चरित्रकार जॉन ऑब्री याने नोंदवली आहे. उलट, फ्रेंच विचारवंत आलेक्सी द तॉकव्हिलला अमेरिकेत दिसले ते असे, की लोक आपले प्रत्येक सत्कृत्य फायद्याच्या भाषेत समजावून सांगतात. यात ते स्वतःवरच अन्याय करतात, कारण कधीकधी ते खरोखर निःस्वार्थ वागतात, असे त्याने १८४० मध्ये लिहिले.

या कल्पनेची खरी अडचण हेतूपेक्षा तिच्या पोहोचीत आहे. ‘हात ओला तर मैत्र भला’ ही म्हण तीच दुखरी जागा दाखवते. ज्याच्याकडे फेडायला बैल नाही, घरात राबणारे हात नाहीत, तो सावडीत बसत नाही. त्याची लावणी शेजाऱ्यांनी केलीच, तर तिला सावड म्हणत नाहीत.