मीटर राहू द्या, आधी हौदा बघा
जुनी डिझेल पिकअप घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुन्या पिकअपच्या जाहिरातीत दोन गोष्टी हमखास असतात: ‘सिंगल ओनर’ आणि ‘कमी रनिंग’. पहिली आरसीवर आणि वाहन पोर्टलवर तपासता येते. दुसरी सोडून द्या. मीटर मागे फिरवून देणारे सगळीकडे आहेत, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांचं मीटर केबल तुटून कधीचंच बंद पडलेलं असतं. बोलेरो पिकअप असो, टाटा 207 असो की अशोक लेलँडची दोस्त, गाडी किती चालली यापेक्षा तिने काय वाहिलं हे आम्ही पाहणी करताना आधी बघतो. ते लपवणं अवघड जातं.

फाळका (हौद्याचं मागचं दार) उघडा आणि हौद्याचा तळ बघा. वाळू-खडीच्या गाडीत पत्रा घासून पातळ झालेला असतो, पोचे पडलेले असतात आणि फाळक्याच्या बिजागऱ्या सैल असतात. पाण्याची टाकी वाहिलेली गाडी असेल तर जरा हिशोब करा. 2000 लिटर पाणी म्हणजे 2 टन, वर टाकीचं वजन वेगळं, आणि पाणी वळणावर हेलकावे खातं. गाडीची क्षमता आरसीवरच असते: एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उत्तर दीड टनाच्या आत आलं आणि मालक म्हणाला की उन्हाळाभर टँकर चालवला, तर पुढची तपासणी दुप्पट बारकाईने करायची.

किनारपट्टीवरून आलेली मासळीची गाडी हा वेगळाच विषय आहे. बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेट चॅसिसवर ठिबकत राहतं. वरून नवा रंग मारलेला असला तरी खाली वाकून छोट्या हातोडीने चॅसिसच्या बाजूच्या पट्ट्यांवर टकटक करा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, गंजलेला बद्द वाजतो आणि पोपडे खाली पडतात. मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे पाइपही तिथेच असतात, त्यांच्यावर नख फिरवून बघा. गंजलेली चॅसिस असलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी आम्ही ‘घ्या’ म्हणत नाही.

दुधाची किंवा भाजीपाल्याची गाडी मात्र किलोमीटर जास्त दाखवत असली तरी घाबरू नका. रोज ठरलेला रस्ता, बेताचं वजन, आणि गाडी बंद पडली तर माल नासतो म्हणून वेळेवर ऑइल बदललेलं. अशा गाड्या आम्हाला आवडतात.

खाली वाकलाच आहात तर मागचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मोजा. दोन्ही बाजूंना सारखेच आहेत ना? एखादा पाटा रंगाने किंवा जाडीने वेगळा दिसला तर तो ओव्हरलोडसाठी वाढवलेला आहे, असं समजा. पाटे जिथे हँगरला लटकतात तिथे चॅसिसवर वेल्डिंग किंवा वरून मारलेली पट्टी दिसते का बघा. सगळी चॅसिस धुळकट आणि तेवढाच हातभर भाग ताजा काळा, तर तो का रंगवला हे मालकाला विचारा.

इंजिन थंड असतानाच बघायचं, यात तडजोड नाही. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी ‘गरम करून’ ठेवलेली असेल तर बॉनेटवर हात ठेवून कळतं. मग चहा घेऊन दोन तासांनी या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. थंड इंजिन चार-पाच सेकंदांत पकडायला हवं. स्टार्टर बराच वेळ फिरत असेल किंवा मालक आधी डिझेल लाइनचा हँडपंप मारत असेल, तर डिझेल लाइन कुठेतरी हवा घेते आहे किंवा कॉम्प्रेशन उतरलं आहे.

धुराचं सांगायचं तर थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो. इंजिन तापल्यावरही पांढराच येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो. काळा धूर बऱ्याचदा तुंबलेल्या एअर फिल्टरचा किंवा नोझलचा असतो, आणि ते काम किरकोळ असू शकतं. पण ओव्हरलोड ओढायला इंजिनच्या पंपाचं डिझेल वाढवून घेतलेलं असलं तरी धूर काळाच येतो. पंपाचं सील तुटलेलं दिसलं तर विचारा. तसं इंजिन आतून जास्त तापलेलं असतं.

आता सगळ्यात उपयोगाची तपासणी. गाडी चालू ठेवून इंजिन ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि तिथेच उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडायला लागलं आणि तोंडातून भकाभका धूर निघाला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे (सिलिंडरमधला दाब खाली ऑइलच्या भागात गळतोय), म्हणजे इंजिन मोठ्या दुरुस्तीला आलं. हा खर्च किमतीतून वळता करून घ्या. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं. पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा थर दिसला तर सौदा तिथेच थांबवा.

1 एप्रिल 2017 पासून बीएस-4 हे धुराच्या प्रदूषणाचं मानक देशभर लागू झालं. त्याआधीच्या पुष्कळ पिकअप साध्या मेकॅनिकल पंपाच्या आहेत, ज्यांचं पंप-नोझलचं काम तालुक्याच्या गावातही होतं. त्यानंतरच्या कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्टरच्या) गाडीला स्कॅनर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. चार इंजेक्टर एकदम बदलायचे झाले तर स्वस्तात घेतलेली गाडी महागात पडते.

बाकीचं चालवून कळतं. चढावर न्या, जमलं तर थोडं वजन टाकून. तिसऱ्या गिअरला रेस वाढते पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट गेली. उतारावर पाय काढल्यावर गिअर आपोआप निघतो का, गाडी निघताना क्रॉसचा (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) ‘टक’ आवाज येतो का, डिफरन्शियल घोंघावतं का, तेही ऐका. टायरवर ‘DOT’ या अक्षरांजवळचे शेवटचे चार आकडे बघा: 2319 म्हणजे 2019 मधला 23वा आठवडा.

कागदपत्रांत चॅसिस नंबर स्वतः वाचा. चॅसिसच्या पट्टीवर कागद धरून पेन्सिल घासली की नंबर उमटतो, तो आरसीशी ताडून बघा. महिंद्राचा नंबर ‘एमए1’ने आणि टाटाचा ‘एमएटी’ने सुरू होतो. आकड्यांची ओळ वाकडी असेल किंवा आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील तर सरळ निघून या. मालवाहू गाडीचं फिटनेस 8 वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. 8 वर्षांवरच्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो, तो भरला आहे का बघा. ई-चलान थकलेलं असेल तर मालकाकडून आधी भरून घ्या. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30 लागतात. कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं एनओसी आणि फॉर्म 35 हवा. दिल्लीकडून स्वस्तात आलेल्या गाडीला तिथल्या आरटीओचं एनओसी लागतं. तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून अशा गाड्या इकडे बऱ्याच दिसतात. इथला कर आणि नवीन नंबरचा खर्च धरूनच किंमत ठरवा. विमा 14 दिवसांत नावावर करायला अर्ज द्या.

आमच्याकडे पाहणी करून घ्यायची असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा. सकाळी थंड इंजिन आम्हीच सुरू करतो. गाडी जवळच्या गावात असेल तर मेकॅनिक तिथे येतो. विकणारा सोबत असला तरी हरकत नाही, पण लेखी रिपोर्ट फक्त पैसे देणाऱ्या ग्राहकाच्याच हातात दिला जाईल.