दोघांचं ‘पियानो फेज’, एकट्याचे दोन हात

दोन पियानो, मध्ये बसलेला एकच वादक आणि एकेका पियानोवर एकेक हात. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांची ‘पियानो फेज’ ही दोन वादकांसाठी लिहिलेली रचना रॉब कोवाक्स यांनी २००४ मध्ये अमेरिकेत एकट्याने वाजवली. २००६ मध्ये रशियन पियानोवादक प्योत्र आयदू यांनीही ती तशीच सादर केली. हे किती अवघड आहे ते कळायला रचनेच्या जन्माकडे जावं लागतं.

राइश यांनी १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये नोहाच्या महापुराची कथा सांगणाऱ्या एका धर्मोपदेशकाचा आवाज टेप केला. त्यातल्या एकाच तुकड्याचे दोन लूप (पुन्हा पुन्हा फिरत राहणाऱ्या टेपा) दोन यंत्रांवर एकत्र चालवताना एक यंत्र किंचित वेगाने फिरू लागलं आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकत गेले. त्यातून ‘इट्स गोना रेन’ (१९६५) ही टेपवरची रचना झाली. मग प्रश्न आला, यंत्र जे आपसूक करतं ते माणसाला जमेल का? १९६६ च्या अखेरीस त्यांनी स्वतःचं पियानोवादन टेप करून त्याचा लूप लावला आणि त्याच्यासोबत वाजवत त्यापासून सुटण्याचा सराव केला. म्हणजे सुरुवातीला या कल्पनेजवळ माणूस एकटाच होता! जानेवारी १९६७ मध्ये वादक आर्थर मर्फी यांच्यासोबत ‘पियानो फेज’ प्रथम वाजवली गेली तेव्हा टेप गेली आणि दुसरा माणूस आला.

पहिल्या भागाचा साचा बारा स्वरांचा, पण वेगळे स्वर पाचच. मूळ वादनात डाव्या हाताला तीन स्वर आणि उजव्याला दोन. हात आळीपाळीने पडतात आणि बारा स्वरांचं आवर्तन पुरं होतं. एक वादक अढळ राहतो. दुसरा त्याच्यासोबत सुरू करून लय किंचित वाढवतो आणि एक स्वर पुढे गेला की पुन्हा पहिल्याच लयीत स्थिरावतो. मग पुढचा स्वर. आपल्याकडे साथीदार असा लयीतून सुटला तर मैफल बिघडते. इथे त्या सुटण्यातच सारं संगीत आहे. दोन साचे एकमेकांवर चढले की कोणीच वाजवत नसलेल्या धून कानाला ऐकू येऊ लागतात. मला या रचनेची सर्वांत मोठी जादू तीच वाटते.

एकट्या वादकाला मात्र तीनचे आणि दोनचे स्वर हातांत वाटून घेता येत नाहीत. प्रत्येक हाताला अख्खे बारा स्वर वाजवावे लागतात, सेकंदाला साधारण सात. त्याहून कठीण लयीचा भाग. तीनात दोन किंवा चारात तीन अशी लयकारी मोजता येते, कारण दोन्ही गती ठरल्या जागी भेटतात. साचा सरकत असतानाच्या त्या सेकंदांत मोजायला प्रमाणच नसतं. डावा हात अढळ ठेवायचा असतो आणि उजव्याच्या घाईने तो ओढला जाऊ पाहतो.

टेपची वाटही बंद झालेली नाही. हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या कळवाद्याचे वादक महान एस्फहानी यांनी २०१६ मध्ये जर्मनीतल्या कोलोनमध्ये हीच रचना स्वतःच्या ध्वनिमुद्रणासोबत वाजवायला घेतली, तेव्हा श्रोत्यांच्या गोंधळामुळे ती मध्येच थांबवावी लागली.

राइश पुढे १९७० मध्ये घानाला ढोलवादन शिकायला गेले, तर ज्यांच्या ‘इन सी’ या रचनेच्या पहिल्या प्रयोगात राइश १९६४ मध्ये वाजवत होते, ते संगीतकार टेरी रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. ‘पियानो फेज’ या दोन्ही शिक्षणांच्या आधीची, आणि तिचा सराव अजूनही प्रत्येक वादकाला पहिल्यापासून करावा लागतो. बारा वेळा सरकून दोन्ही हात पुन्हा एकत्र येतात तेव्हा फक्त पहिला भाग संपलेला असतो. आठ स्वरांचा आणि मग चार स्वरांचा, असे दोन भाग अजून उरलेले असतात.