अमेरिकेतले शेअर, भारतातले वारस: ६०,००० डॉलरच्या मर्यादेची पार्श्वभूमी

भारतात १५ ऑक्टोबर १९५३ पासून इस्टेट ड्युटी, म्हणजे मृत्युकर, लागू होती. वरच्या टप्प्यात दर ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता आणि तरी सरकारच्या हाती फारसे काही लागत नव्हते. विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंसाठी ही ड्युटी बंद झाली. तेव्हापासून ‘वारशावर कर नसतो’ हे आपल्याकडे गृहीत धरले जाते. देशापुरते ते खरेही आहे. अमेरिकेतल्या मालमत्तेला मात्र हे गृहीतक लावता येत नाही, आणि नेमकी तीच मालमत्ता वाढते आहे. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने एलआरएस, म्हणजे रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणारी योजना, आणली तेव्हा माणशी २५,००० डॉलर बाहेर पाठवता येत. आज ही मर्यादा एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर आहे.

अमेरिकेने इस्टेट टॅक्स, म्हणजे तिथला मृत्युकर, आणला तो १९१६ मध्ये. सूट ५०,००० डॉलरची, दर १ ते १० टक्के. परदेशी माणसाने न्यूयॉर्कमध्ये ठेवलेल्या शेअर-बाँडवर हा कर लावता येतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. क्यूबात राहणाऱ्या एका ब्रिटिश नागरिकाच्या मालमत्तेचा तो खटला होता, बर्नेट विरुद्ध ब्रुक्स. १९३३ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. आज तर अमेरिकी कंपनीचा शेअर कायद्याने अमेरिकेतलीच मालमत्ता ठरतो, मग सर्टिफिकेट कुठेही असो.

नागरिकांची सूट १९४२ पासून ६०,००० डॉलर होती. परदेशी अनिवासींना १९६६ पर्यंत फक्त २,००० मिळत. त्या वर्षीच्या कायद्याने ती ३०,००० वर नेली आणि दर ५ ते २५ टक्के असे सौम्य ठेवले, कारण परकीय गुंतवणूक हवी होती. १९७६ मध्ये परदेशींची सूट ६०,००० झाली. नागरिकांची त्याच कायद्याने त्यापुढे सरकली. १९८८ मध्ये सौम्य दरही गेले आणि परदेशींना नागरिकांचाच दरतक्ता लागला. सूट मात्र होती तिथेच राहिली. नागरिकांची सूट २०२६ साठी दीड कोटी डॉलर आहे, परदेशींची अजून ६०,०००. बातम्यांत आकडा येतो तो दीड कोटीचा, त्यामुळे ‘आपल्याला काय त्याचे’ असे वाटते. या विषयातली सर्वांत महागडी गैरसमजूत हीच.

हिशेब करून पाहा. भारतात राहणाऱ्या आईच्या नावावर ३,००,००० डॉलरचे अमेरिकी शेअर आहेत. तक्त्याप्रमाणे कर ८७,८०० डॉलर. त्यातून १३,००० डॉलरचे क्रेडिट वजा होते. ६०,००० डॉलरवरचा कर तेवढाच येतो, म्हणून ६०,००० ची सूट म्हणतात ती हीच. उरतात ७४,८००. अमेरिकेने काही देशांशी इस्टेट टॅक्सचे करार केले आहेत, त्यांत भारत नाही. १९८९ चा भारत-अमेरिका करार प्राप्तिकरापुरताच आहे. या कराचे विवरणपत्र, फॉर्म ७०६-एनए, मृत्यूपासून ९ महिन्यांत भरायचा असतो. कर्ज आणि खर्चाची वजावट प्रमाणातच मिळते, तीही जगभरातली मालमत्ता जाहीर केली तरच. आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकी कर खात्याकडून, ट्रान्सफर सर्टिफिकेट (शेअर हस्तांतराला हरकत नसल्याचा दाखला) येईपर्यंत ब्रोकर सहसा शेअर सोडत नाही, आणि त्यात महिनोन्महिने जातात. नॉमिनेशन असले तरी करातून सुटका नाही.

काय मोजले जाते, काय नाही, हे आधीच पाहिले तर बरेच वाचते. अमेरिकी कंपन्यांचे शेअर, अमेरिकेत नोंदलेले ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारे फंड) आणि तिथले घर करपात्र. बँकेतली साधी ठेव आणि मृताच्या आयुर्विम्याची रक्कम नाही, पण ब्रोकरच्या खात्यात पडून असलेली रोकड करपात्र धरली जाते. त्याच अमेरिकी कंपन्यांत गुंतवणारा, पण आयर्लंडमध्ये नोंदलेला ईटीएफ या करातून सुटतो. अनिवासी परदेशी व्यक्तीने हयातीत शेअर भेट दिले तर अमेरिकी गिफ्ट टॅक्सही नाही. घराला मात्र तो लागतो.

तिथेच स्थायिक झालेल्यांचा सापळा वेगळा. या करासाठी व्हिसा किंवा मुक्कामाचे दिवस एवढेच पाहत नाहीत, कायमचे राहण्याचा इरादा पाहतात. तो सिद्ध झाला तर नागरिकाइतकीच सूट मिळते. पण १९८१ च्या कायद्याने जोडीदाराकडे जाणाऱ्या मालमत्तेवर दिलेली अमर्याद वजावट १९८८ मध्ये नागरिक नसलेल्या जोडीदारांपुरती काढून घेतली गेली. भीती अशी, की विधवा किंवा विधुर मालमत्ता घेऊन मायदेशी जाईल आणि कर कधीच मिळणार नाही. वाट उरली क्यूडॉटची, म्हणजे अशा जोडीदारासाठीच्या खास ट्रस्टची. त्यात किमान एक ट्रस्टी अमेरिकी नागरिक किंवा अमेरिकी संस्था हवी; मालमत्ता २० लाख डॉलरच्या वर असेल तर सहसा बँक ट्रस्टी किंवा ६५ टक्के रकमेची हमी द्यावी लागते. अशा जोडप्याच्या संयुक्त खात्यातली सगळी रक्कम आधी गेलेल्याची धरली जाते. हयात जोडीदाराने आपला वाटा कागदांनिशी सिद्ध केला तेवढाच भाग सुटतो. म्हणून कोणी किती पैसे घातले, याची बँक स्टेटमेंट पहिल्या दिवसापासून जपावीत.

उलट दिशेने, भारतातून अमेरिकेतल्या मुलांना वारसा मिळतो तेव्हा कर नसतो, पण कळवावे लागते. १९९६ च्या कायद्यानुसार परदेशी व्यक्तीकडून वर्षात १,००,००० डॉलरपेक्षा जास्त भेट किंवा वारसा आला तर फॉर्म ३५२०. तो चुकला तर दंड महिन्याला त्या रकमेच्या ५ टक्के, कमाल २५ टक्के. पुढे वडिलांचा फ्लॅट विकताना दोन देशांचे हिशेब जुळत नाहीत: भारत वडिलांची मूळ खरेदी किंमत धरतो, अमेरिका मृत्यूच्या दिवसाची बाजारकिंमत. भारतात मोठा नफा दिसतो, अमेरिकेत नाममात्र; त्यामुळे भारतात भरलेल्या कराचे क्रेडिट तिथे बहुधा पुरते वापरता येत नाही. मृत्यूच्या तारखेचे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून त्याच वर्षी करून घ्यावे. दहा वर्षांनी ते मिळवणे अवघड आणि टिकवणे त्याहून अवघड.