एफईआरमध्ये ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही’ असा आक्षेप आला, तर उत्तर कसं द्यायचं

पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालात, म्हणजे एफईआरमध्ये, पेटंट कायद्याच्या कलम 2(1)(जेए) खाली आक्षेप असेल तर त्याचा अर्थ असा: त्या विषयातल्या जाणकाराला तुमचं संशोधन सहज सुचलं असतं. सोबत डी-1, डी-2 असे जुने दस्तऐवज दिलेले असतात. बरेच अर्जदार उत्तरात ‘डी-1 मध्ये आमचं यंत्र नाही’ एवढंच लिहितात आणि इथेच फसतात. ते नावीन्याचं उत्तर झालं. इथे विचारलंय ते वेगळं: डी-1 आणि डी-2 समोर ठेवून जाणकाराने ते जोडले असते का, आणि जोडले असते तर त्यातून तुमचंच यंत्र निघालं असतं का?

आधी मुदत बघा. एफईआर जारी झाल्याच्या तारखेपासून 6 महिने मिळतात. तुम्ही ईमेल कधी उघडला याला किंमत नाही. फॉर्म 4 भरून आणखी 3 महिने मागता येतात, पण तो पहिले 6 महिने संपण्याआधी गेला पाहिजे. मुदत हुकली की कलम 21(1) प्रमाणे अर्ज सोडून दिल्याचं धरतात. उत्तर अर्जदार स्वतः देऊ शकतो किंवा नोंदणीकृत पेटंट एजंटमार्फत. एजंटासाठी फॉर्म 26 वरचं अधिकारपत्र लागतं.

आता एक कल्पित उदाहरण. दावा, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितलाय तो मजकूर, आहे कांदाचाळीच्या पंख्याचा: बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) कांद्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाखाली असेल तेव्हाच पंखा चालतो. डी-1 मध्ये टायमरवर चालणारा चाळीचा पंखा आहे. डी-2 मध्ये आतली आर्द्रता ठरावीक पातळीपुढे गेली की पंखा सुरू करणारं गोदाम आहे. परीक्षक म्हणतो, दोन्ही जोडले की झालं. पण जोडून बघा. पावसाळी रात्री आतली आर्द्रता वाढली की डी-2 पंखा लावणार, बाहेरची ओली हवा आत ओढणार आणि थंड कांद्यावर पाणी धरणार. म्हणजे ही जोडणी जाणकाराला उलट दिशेला नेते. उत्तरात हेच हवं, डी-2 मधल्या नेमक्या परिच्छेदाचा क्रमांक देऊन.

हा फरक आकड्यांत दाखवता आला तर फारच चांगलं. कलम 79 खाली प्रतिज्ञापत्रावर पुरावा देता येतो: किती किलो कांदा, कोणत्या तारखांना, शेजारी डी-1 सारखा टायमरचा पंखा लावून सड किती टक्के. मात्र हा परिणाम ज्या वैशिष्ट्यामुळे मिळतो ते मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या संशोधनाच्या वर्णनात, आणि दाव्यात असलंच पाहिजे. कलम 59 नुसार दावे आकुंचित करता येतात, नवा मजकूर घुसवता येत नाही. दुरुस्त दाव्यांची खुणा केलेली आणि स्वच्छ, अशा दोन्ही प्रती जोडा. ‘खर्च वाचतो’ एवढ्यावर विसंबू नका. व्याख्येत आर्थिक महत्त्व आहे, पण त्याच्या जोडीला सहज न सुचणंही आहेच.

हा भाग किती कठोर आहे ते भांड्यांच्या खटल्यात दिसतं. लेथवर (वस्तू गोल फिरवणाऱ्या यंत्रावर) घासताना भांडी हेडस्टॉकवरून, म्हणजे त्याच्या फिरत्या टोकावरून, उडायची, कामगारांना इजा व्हायची, म्हणून समोरून टेलस्टॉकने, म्हणजे टेकू देणाऱ्या दुसऱ्या टोकाने, दाब देणारी रचना केली आणि पेटंट घेतलं. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये ते पेटंट टिकवलं नाही. सोय झाली, सुरक्षितता आली, पण टेलस्टॉक जुनाच होता आणि त्याचा हा वापर कारखान्यातली नेहमीची सुधारणा ठरला.

दुसऱ्या बाजूने कंट्रोलरवरही, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट कार्यालयाच्या अधिकाऱ्यावरही, जबाबदारी आहे. अॅग्रीबोर्ड प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं की नकार देताना जुन्या दस्तऐवजात काय आहे, अर्जात काय आहे आणि जाणकाराला ते कसं सुचलं असतं, या तिन्हींचा विचार दिसला पाहिजे. एफईआरमध्ये ‘कसं’ नसेल तर उत्तरात ते ठामपणे मांडा.

आक्षेप उरले तर कलम 14 ची सुनावणी लागते. तारीख बदलून हवी असेल तर किमान 3 दिवस आधी, कारणासह मागा. सुनावणीनंतर 15 दिवसांत लेखी निवेदन द्यायचं असतं. तोंडी मांडलेला प्रत्येक मुद्दा त्यात उतरवा. कलम 15 खाली नकार आलाच तर एका महिन्यात फॉर्म 24 वर फेरविचार मागता येतो, किंवा कलम 117ए खाली 3 महिन्यांत उच्च न्यायालयात अपील. अपिलात आधी न मांडलेला मुद्दा वा पुरावा पुढे आणणं फार अवघड जातं, म्हणून लेखी निवेदन पाठवण्याआधी पुन्हा एकदा दाव्याच्या ओळीओळीशी ताडून बघा.